भरलं घर विकणे आहे

दार उघडणाऱ्या बाईच्या हाताला कणीक लागलेली होती. एजंटने तिच्याकडे पाहिलं न पाहिलंसं केलं, चपलांसकट आत पाऊल टाकलं आणि मागे वळून म्हणाला, "या, या. हा हॉल." त्याच्यामागून माझी भाची, तिचा नवरा आणि शेवटी मी, असे आम्ही त्या दोन खोल्यांच्या घरात शिरलो. सतरंजीवर एक मुलगा भूमितीचं पुस्तक उघडून बसला होता. त्याने पाय आखडून घेतले तेव्हा कुठे आम्हाला वाट झाली. "हे किचन. खिडकी पूर्वेला आहे, उजेड बघा." गॅसवर तवा तापला होता. बाईने गॅस बारीक केला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

भाचीने भिंतीतलं कपाट उघडायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आत कुणाचे तरी डबे असणार, कुणाची तरी डाळ-साखर असणार, हे त्या क्षणी तिच्या लक्षात आलं असावं. दहा मिनिटांत घर पाहून झालं. त्या दहा मिनिटांत आमच्यापैकी कुणीही त्या बाईला तिचं नाव विचारलं नाही. मीही नाही.

जिना उतरताना जावयांनी विचारलं, "आणि हे लोक?"

"त्यांची काळजी नका करू. महिन्याभरात खाली करून देतो," एजंट म्हणाला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'उंबरठा' हा विषय दिला तेव्हा माझ्या मनात जुन्या वाड्यांचे, रांगोळीचे, माप ओलांडण्याचे उंबरठे आले होते. त्याच आठवड्यात भाचीचा सिल्वासाहून फोन आला. "मावशी, फ्लॅट बघतोय. फक्त आत भाडेकरू आहेत. तू येशील का?" मी गेले. लिहायचा उंबरठा कोणता, ते त्या जिन्यावर ठरलं.

तीन हद्दी ओलांडून

सिल्वासाला रेल्वे नाही. वापीला उतरायचं आणि बस किंवा शेअर रिक्षा पकडायची. अंतर फार नाही, पण त्या छोट्या प्रवासात आपण गुजरातमधून दादरात जातो, दादरातून पुन्हा गुजरातमध्ये आणि तिथून नगर हवेलीत. दादरा आणि नगर हवेली ही नावं आपण एका दमात घेतो; जमिनीवर मात्र त्यांच्यामध्ये गुजरातचा पट्टा आहे. रिक्षातल्या माणसांना यातलं काही जाणवत नाही. ती शिफ्ट गाठायच्या घाईत असतात.

एकाची मालकी आणि दुसऱ्याचा ताबा, हा पेच या भूमीला नवा नाही. मराठी वाचकाला सिल्वासा आठवतं ते २ ऑगस्ट १९५४ साठी. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर ही आपल्या ओळखीची माणसं त्या मुक्तिसंग्रामात होती. त्या दिवशी सिल्वासात तिरंगा फडकला. ताबा बदलला. कागद बदलला नाही. पोर्तुगालच्या लेखी ही जमीन पोर्तुगालचीच होती, आणि दमणहून इथे यायला भारताने वाट द्यावी म्हणून त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी पोर्तुगालला येण्याजाण्याचा हक्क होता, सशस्त्र दलांसाठी नव्हता. आणि भारताने केलेल्या अडवणुकीने त्या हक्काचा भंग झाला नाही.

मधली सात वर्षं इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. भारतात विलीन व्हायचं तर करारावर सही करायला कुणी हवं, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला या चिमुकल्या प्रदेशाचं पंतप्रधान करण्यात आलं आणि ११ ऑगस्ट १९६१ ला हा भाग भारतात आला. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते मात्र ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. म्हणजे ताबा सुटल्यावर जुन्या मालकाची सही व्हायला वीस वर्षं लागली. आत राहणारी माणसं तेवढी वर्षं शेत लावत होती, लग्नं लावत होती, पोरं शाळेत घालत होती.

देशांच्या बाबतीत जे झालं ते दोन खोल्यांच्या घराला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मला कळतं. तरी दादरा ओलांडताना ते आठवल्यावाचून राहिलं नाही.

वहीतली माणसं

१९६१ मध्ये या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ झाली. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांच्या पाड्यांचा हा मुलूख. करसवलती मिळाल्या तसे मसाट, खडोली, पिपरिया, आमली, राखोली, नरोली अशा ठिकाणी कारखाने उभे राहिले. सूत, प्लास्टिक, तारा, औषधं. कारखान्यांमागून माणसं आली आणि माणसांना पाठ टेकायला खोल्या लागल्या. त्याच जनगणनेतला आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो: इथे दर १,००० पुरुषांमागे ७७४ स्त्रिया होत्या. घर गावाकडे ठेवून आलेल्या पुरुषांची ही वस्ती आहे, हे त्या एका आकड्यात दिसतं.

त्यांच्यासाठी बांधलेल्या चाळी बघायला मी एका दुपारी गेले. मुंबईच्या गिरणगावातली चाळ डोळ्यांसमोर आणू नका. इथे बहुतेक बैठ्या रांगा. समोरासमोर दोन ओळी, मध्ये सिमेंटची चिंचोळी गल्ली, वर पत्रा, दारांवर रंगाने लिहिलेले आकडे, टोकाला नळ आणि संडास. खोलीत एक खाट आणि तीन-चार माणसांचं सामान. दिवसपाळीचा माणूस निघाला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा होतो. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान, बहुतेक वेळा मालकाचंच किंवा त्याने चालवायला दिलेलं. भाडं, लाइटचं रीडिंग आणि उधारी या तिन्हींचा हिशेब त्याच काउंटरवर होतो. सगळ्या चाळीला मिळून एक मोठा मीटर, खोल्यांना छोटे, आणि युनिटचा भाव मालक सांगेल तो.

त्या काउंटरवर एक जाड, कोपरे दुमडलेली वही होती. पानावर खोलीचा नंबर, माणसाचं नाव, गाव, फोन, आधारची झेरॉक्स घेतली की नाही त्याची खूण, आणि खाली महिनावार आकडे. खोली सोडून गेलेल्यावर आडवी रेघ. दुकानावर बसलेल्या गृहस्थांना मी विचारलं, चाळ विकायची तर गिऱ्हाईक आधी काय बघतं? त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "हे. किती खोल्या भरलेल्या, कोण किती वर्षं आहे, कुणाचं थकलंय. भिंती नंतर बघतात."

चाळ घेणारा वही विकत घेतो. रांगेतल्या समजा वीस खोल्यांपैकी अठरा भरलेल्या असतील तर भाव चढतो. रिकामी चाळ म्हणजे काहीतरी बिनसलंय: पाणी नाही, किंवा जवळचा कारखाना बंद पडला, किंवा मालक त्रासदायक. सौदा झाल्यावर नवा माणूस पहिल्या तारखेला त्याच काउंटरवर बसतो. खोल्यांमधल्या बऱ्याच जणांना मालक बदलल्याचं तेव्हा कळतं. त्यांना कुणी उठवत नाही, कारण त्यांच्यासाठीच तर पैसे मोजलेले असतात.

आणि तिथून दोन किलोमीटरवर, भाचीने बघितलेल्या फ्लॅटमध्ये, तोच भाडेकरू म्हणजे व्यवहारातला दोष. त्याच्यासाठी भाव पाडून मागायचा. जाहिरातीत 'रिकामा ताबा' हे शब्द ठळक छापायचे. बँकेच्या माणसानेही पहिला प्रश्न तोच विचारला: "व्हेकंट आहे ना?" मी या दोन किमतींवर बराच विचार केला. एखादा फिटर चाळीच्या खोलीत राहतो तेव्हा मालमत्ता असतो आणि तोच बायको-मुलगा आणून फ्लॅट भाड्याने घेतो तेव्हा अडगळ होतो. फरक घेणाऱ्याच्या गरजेत आहे, हे उघड आहे. एकाला भाडं हवंय, दुसऱ्याला छप्पर. पण दोन्ही सौद्यांत एक गोष्ट सारखीच राहते. आतल्या माणसाशी कुणी बोलत नाही.

सर्च रिपोर्टमध्ये न दिसणारा

फ्लॅटचे कागद चांगले होते. मालक सुरतेला राहतात, गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट, कर भरलेले, सोसायटीची थकबाकी नाही. वकिलांनी सर्च घेतला. त्यावर बँकेचा जुना बोजा होता, फिटल्याची नोंद होती. भाडेकरूंचं नाव कुठेही नव्हतं.

ते असणारही नव्हतं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी सक्तीची होते, म्हणून तर असे बहुतेक करार अकरा महिन्यांचे. अकरा महिन्यांचा कागद स्टॅम्पवर होतो, मालकाच्या कपाटात जातो आणि नोंदणी कार्यालयाला त्याचा पत्ता लागत नाही. या घरात असा कागद एकदाच झाला होता, चार वर्षांपूर्वी. नंतर कुणी नवा केला नाही. भाडं मात्र दर महिन्याला जात राहिलं, मालक घेत राहिले. कायद्याच्या नजरेत ही मंडळी महिन्यागणिक चालणारे भाडेकरू झाली.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा दादरा-नगर हवेलीला १९६३ च्या विनियमाने लागू झाला. त्यातली तीन कलमं भरलं घर घेणाऱ्याने झोपेतही विसरू नयेत, असं मला आता वाटतं.

पहिलं, कलम ३ चं दुसरं स्पष्टीकरण. घरात प्रत्यक्ष कुणी राहत असेल, तर त्याचा त्या घरावर जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला ठाऊक होता असंच धरलं जातं. "मला कुणी सांगितलं नाही" हे चालत नाही. कागद सगळं सांगत नाहीत, जाऊन बघ आणि विचार, असं कायदाच घेणाऱ्याला सांगतो. आम्ही बघायला गेलो होतो. विचारलं मात्र नव्हतं.

दुसरं, कलम १०९. घर विकलं गेलं की भाडेकरार मरत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो. जुन्याचे हक्क नव्याला मिळतात आणि भाडेकरूची इच्छा असेल तर जुन्याची बांधीलकीही नव्यावर येते. अकरापैकी चार महिने झाले असतील तर उरलेले सात नव्या मालकाने पाळायचे. विक्रीआधीचं थकलेलं भाडं जुन्याचं. नव्याला ते हवं असेल तर तसं वेगळं लिहून घ्यावं लागतं. आणि भाडेकरूने विक्रीची खबर नसताना जुन्या मालकाला भाडं दिलं असेल, तर ते त्याला पुन्हा भरावं लागत नाही. या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. त्याचं कारण पुढे सांगते.

तिसरं, कलम १०६. महिन्यागणिक चालणाऱ्या राहत्या घराच्या भाडेकरूला लेखी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. एजंटच्या 'महिन्याभरात खाली' मागे हेच कलम होतं, पण अर्धंच. नोटिशीची मुदत संपली म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला. तो उठला नाही तर त्याला उठवायचं काम कोर्टाचं. कुलूप बदलणं, पाणी तोडणं, सामान जिन्यात ठेवणं हे मालकाच्या हातात कधीच नव्हतं. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या मुंबईतल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हेच सांगितलं: हक्क संपलेल्या माणसालाही कायद्याच्या वाटेनेच बाहेर काढता येतं. १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम ६ तर जबरदस्तीने बाहेर काढलेल्याला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू देतं, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच विचारला जात नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे एक भेद लक्षात ठेवावा. आपल्याकडे बहुतेक घरं 'लिव्ह अँड लायसन्स'वर जातात. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे घर विकलं गेलं तर नवा मालक त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. म्हणजे परवान्यावर राहणाऱ्याचा पाया भाडेकरूपेक्षा भुसभुशीत. मात्र कागदाच्या माथ्यावर 'लायसन्स' लिहिल्याने तो लायसन्स होत नाही; मजकूर आणि प्रत्यक्ष ताबा बघावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात ठरवलं आहे.

दोनदा भरलेलं भाडं

आम्ही नाशकात एका वाड्यात भाड्याने राहायचो. दोन खोल्या, मागे सामाईक मोरी. मी सातवीत होते. दर महिन्याच्या पाच तारखेला बाबा मालकांकडे जाऊन भाडं देत, मालक चहा पाजत, पावती कधी देत, कधी नाही. त्या वर्षी कार्तिकात एक अनोळखी गृहस्थ दारात आले. वाडा त्यांनी घेतला होता, भाद्रपदातच. आश्विनाचं आणि कार्तिकाचं भाडं त्यांचं होतं, ते त्यांना हवं होतं.

बाबा म्हणाले, भाडं मी दिलंय. ते गृहस्थ म्हणाले, ज्याला दिलंत त्याच्याकडून परत घ्या. जुने मालक गाव सोडून गेले होते. आईने रात्री ट्रंकेतून पैशांचा डबा काढला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. दोन महिन्यांचं भाडं आम्ही दुसऱ्यांदा भरलं. आईचा चष्मा त्यामुळे पुढच्या वर्षावर गेला. बाबा तीस वर्षं सरकारी कारकून होते, कायद्याची भाषा रोज टाइप करत होते. पण १८८२ पासून एक कलम त्यांच्या बाजूने उभं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मला ते सिल्वासाच्या एका वकिलांच्या ऑफिसात, त्यांच्या टेबलावरचं पुस्तक चाळताना सापडलं. बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली आहेत.

त्या वाड्याच्या नव्या मालकांवर माझा राग नाही. त्यांनीही कुणाला तरी विश्वासाने पैसे मोजले होते. पण भाद्रपदात एकदा, फक्त एकदा, ते दारात येऊन उभे राहिले असते तर.

कूळ लागण्याची भीती

घरमालकही घाबरलेले असतात, आणि त्या भीतीला इतिहास आहे. पालघर, तलासरी, जव्हारकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं, "देऊ नको कुणाला, कूळ लागेल." कूळ हा शेतीतला शब्द. कसणारा कूळ १ एप्रिल १९५७ ला कायद्याने जमिनीचा मालक झाला, आणि ज्यांनी ते न्याय म्हणून पाहिलं त्यांच्या शेजारीच ते घाला म्हणून पाहणारेही राहत होते. दादरा-नगर हवेलीत १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने पोर्तुगीज काळातली जमिनीची जुनी व्यवस्था मोडली. मी त्या सुधारणांच्या बाजूची आहे. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्यांना त्याखेरीज काही मिळालं नसतं. पण त्या शब्दाची धास्ती शेताच्या बांधावरून घराच्या उंबरठ्यावर आली, आणि तिथे तिचा काही संबंध नव्हता. घराचा भाडेकरू बारा वर्षं राहिला म्हणून मालक होत नाही. तो मालकाच्या परवानगीने राहतो, मालकाला भाडं देतो. त्याचं प्रत्येक महिन्याचं भाडं हीच दुसऱ्याच्या मालकीची कबुली असते.

मुंबईने ही भीती आणखी पक्की केली. १९४७ च्या भाडे कायद्याने तिथली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. दरवाढीला जागाच उरली नाही, तेव्हा पागडी आली, दुरुस्त्या थांबल्या, आणि भरलेली इमारत जमिनीच्या मोलानेही कुणी घेईना. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणं अवाजवी झाल्याचं म्हटलं. नंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्याने पागडीलाही कायदेशीर जागा दिली. मुंबईच्या या कथा सिल्वासात सगळे सांगतात, आणि इथल्या अकरा महिन्यांच्या भाडेकरूला त्याच मापाने मोजतात.

केंद्राने जून २०२१ मध्ये नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला. घटनेच्या अनुच्छेद २४० खाली दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवसाठीच्या भाडे विनियमाला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. नमुना कायद्यातल्या तरतुदी भरल्या घराच्या सौद्याच्या बाजूने वाचण्यासारख्या आहेत. करार लेखीच हवा आणि दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवायचा, म्हणजे वहीत आणि कपाटात दडलेला भाडेकरू कुठेतरी नोंदला जाईल. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. घरात यायचं तर मालकाने चोवीस तास आधी कळवायचं. पाणी-वीज तोडायची नाही. मुदत संपूनही न उठणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट, नंतर चौपट भाडं.

आणि एक तरतूद मला विशेष नेमकी वाटली. घर विकलं, एवढ्याने भाडेकरूला काढता येत नाही. पण भाडेकरूने स्वतः लेखी कळवलं की मी जागा सोडतो, आणि त्यावर विसंबून मालकाने विक्रीचा करार केला, तर मात्र भाडेकरूला शब्द फिरवता येत नाही. म्हणजे शब्द आधी आतल्या माणसाकडून यायला हवा.

पुन्हा तेच दार

भाची आणि जावई स्वतः सिल्वासाजवळच्या सामरवरणीत भाड्याने राहतात. त्यांच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, दिवाळीपर्यंत जागा हवी आहे. म्हणून तर ही सगळी घाई. "आम्हाला पण कुणीतरी 'हे लोक' म्हणत असेल ना, मावशी," भाची म्हणाली. त्या रात्री ती नीट जेवली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही एजंटला न सांगता गेलो, पण या वेळी आदल्या दिवशी फोन करून. नंबर वॉचमनकडून मिळवला. चपला दाराबाहेर काढल्या. बाईंनी चहा टाकला. त्या धुळ्याकडच्या. यजमान सूत कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर, त्या दिवशी घरी होते. आधी दोन्ही बाजू अवघडलेल्या. मग जावयांनी विचारलं, तुमच्या कंपनीत सुट्टी कशी असते, आणि दोघं पुरुष पाळ्यांवर बोलू लागले. एका गावात दोघंही कारखान्यात, दोघंही भाड्याच्या घरात.

बोलता बोलता निघालं की अनामत चार वर्षांपूर्वी सुरतेच्या मालकांना रोख दिलेली, पावती नाही. मालक फोनवर म्हणाले होते, नव्या माणसाकडून घ्या. नव्या माणसाला, म्हणजे आमच्या जावयांना, ही अनामत आहे हेच माहीत नव्हतं. आम्ही त्या दिवशी गेलो नसतो, तर पुढे कधीतरी याच घरात या दोन कुटुंबांचं भांडण झालं असतं आणि सुरतेला फोन लागला नसता.

वकिलांनी मग जे सुचवलं ते साधं होतं. विक्रीखतात भाडेकरूचा उल्लेख करायचा: कोण, केव्हापासून, किती भाडं, किती अनामत. अनामतीची रक्कम विक्रीच्या किमतीतून वळती करून खरेदीदाराने ठेवून घ्यायची, म्हणजे परत द्यायची जबाबदारी त्याच्यावर. सहीच्याच दिवशी मालकाने भाडेकरूला लेखी कळवायचं की अमुक तारखेपासून भाडं या माणसाला द्या, आणि भाडेकरूने त्यावर सही करायची. रिकामा ताबा कधी, ती तारीख तिघांनी मिळून लिहायची, आणि किमतीतला थोडा भाग त्या तारखेपर्यंत मालकाला द्यायचा नाही. बँकेला हा कागद आधीच दाखवायचा, लपवायचा नाही. बँक तयार झाली, पण थोडी कुरकुरत.

तारीख कोणती? बाई पहिल्यांदाच सरळ बोलल्या. "ताई, याची दहावी आहे. मार्चपर्यंत शाळा बदलता येत नाही. नंतर आम्ही एक दिवस जास्त मागणार नाही."

भाचीने नवऱ्याकडे पाहिलं. मार्चपर्यंत म्हणजे त्यांना स्वतःला सामरवरणीत आणखी पाच महिने मागावे लागणार, लग्नघरातल्या मालकाकडे. ती उठून गॅलरीत गेली आणि तिथूनच फोन लावला. आम्हाला तिचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. "काका, एक विनंती होती..." बराच वेळ ती नुसतीच ऐकत राहिली. आत आली तेव्हा म्हणाली, "जानेवारीपर्यंत हो म्हणाले. पुढचं बघू. दोन महिने आईकडे सामान ठेवू."

कुणी काही बोललं नाही. मग बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "इकडे या, तुम्हाला एक दाखवते. एजंटने दाखवलं नसेल." यजमानांनी आणि जावयांनी मिळून हॉलमधलं लोखंडी कपाट पुढे ओढलं, मुलगा पुस्तक उचलून बाजूला झाला. मागे भिंतीवर कमरेपर्यंत ओल चढलेली होती, पोपडे सुटलेले. "वरच्या मजल्याच्या मोरीतून येते. जुलैत सुरू होते, गणपतीपर्यंत असते. आधी वरच्यांना दुरुस्त करायला लावा, मग रंग काढा. आणि टाकीचं पाणी सकाळी सहाला येतं, सातला जातं. पिंप इथे ठेवायचं, नळाच्या उजव्या हाताला, नाहीतर पाइप पुरत नाही."

भाची खाली बसली आणि मोबाइलमध्ये ते सगळं लिहून घेऊ लागली. मध्येच तिने मान वर केली. "तुमचं नाव काय, ताई?"